अभ्यास करून दिलेला एमआरआय

तुम्ही घ्या हो चहा. खारीपण घ्या, आजच आणलीय. मला मात्र नको. असे बघता काय माझ्याकडे? तब्येत ठणठणीत आहे. बायकोशी भांडणही झालेलं नाही, म्हणजे आज तरी नाही. पण मी चहा का घेणार नाही हे सांगायचं तर स्वतःचीच अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागेल. मांडतो! तसंही अर्ध्या पनवेलला कळलंय. उरलेल्या अर्ध्याने माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं.

तुमच्यात जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. मला सगळे दिलीप सर म्हणतात. जुन्या पनवेलमध्ये माझा दहावीच्या गणिताचा क्लास आहे. बाप माझ्याकडे शिकला आणि आता त्याची मुलगी शिकतेय, अशीही घरं आहेत. माझं म्हणणं एकच. जगात कुठलाच पेपर कठीण नसतो, तयारी कमी असते. कसलीही परीक्षा माझ्यापुढे आणून ठेवा, मी तयारी करून घेतो. पोरगा पास! ही पद्धत मी जावयाच्या मुलाखतीला वापरली, शेजाऱ्याच्या ड्रायव्हिंग टेस्टला वापरली, सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा वापरली. कुठे म्हणून फसली नाही.

एमआरआयला फसली.

हसू नका, अजून काहीच सांगितलेलं नाही.

माझ्या बहिणीची मुलगी ऋता. एमआरआयच्या मशीनवर संशोधन करते. एका रविवारी घरी आली, सोफ्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मामा, मला माणसं हवीत. साठीच्या पुढची, धडधाकट."

"किती ट्रक?" मी म्हटलं.

"मस्करी नको. मेंदूत रक्त किती पोहोचतंय, ते इंजेक्शन न देता मोजायचं आहे."

"ते कसं काय?"

मग तिने समजावलं. आपल्या मेंदूत सगळीकडे पाणी असतं. त्याचे कण जागच्या जागी भटकत असतात. पण केसाहून बारीक रक्तवाहिन्यांमधलं रक्त मात्र लगबगीने चाललेलं असतं. हे मशीन त्या दोन हालचालींमधला फरक पकडतं. त्यावरून कुठे किती रक्त पोहोचलं ते कळतं. सुई नाही, औषध नाही, नुसतं पडून राहायचं.

"म्हणजे आपलं एसटी स्टँड," मी म्हटलं.

"काय?"

"स्टँडवर माणसं रेंगाळत असतात. गाडी लागली की पळतात. रेंगाळणारे वेगळे, पळणारे वेगळे. लांबून बघितलं तरी कळतं."

"हो!" ती टाळी देत म्हणाली, "मामा, अगदी तसंच."

झालं! इथेच घात झाला. एखादी गोष्ट मला एका वाक्यात समजली की ती मला त्या गोष्टीच्या बापापेक्षा जास्त समजते, असा माझा स्वभाव आहे. नलिनीला, म्हणजे आमच्या हिला विचारा. विचारू नका, नाहीतर इथेच रात्र होईल.

पण ऋता हे काम का करते, ते मात्र सांगितलं पाहिजे. माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, अर्धांगाचा झटका आला तेव्हा आईची किडनी आधीच अधू होती. मेंदूतलं रक्त बघायला जे इंजेक्शन देतात, ते द्यायला डॉक्टर धजेनात. आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. ऋता तेव्हा कॉलेजात होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "इंजेक्शनशिवाय बघता येत नाही का?" डॉक्टर नाही म्हणाले आणि आत निघून गेले. आई गेली. पोरीने तो प्रश्न काही सोडला नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो. तेव्हाही वाटत होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्यावरून तसं वाटणार नाही.

"आजारी मेंदू ओळखायचा तर निरोगी मेंदू कसा दिसतो ते आधी ठाऊक हवं ना?" ऋता म्हणाली. "खारघरच्या एका सेंटरने मशीन दिलंय. पण फक्त रविवारी सकाळी, आणि तेही थोडेच रविवार. तेवढ्यात नीट स्कॅन मिळाले नाहीत तर माझं काम तिथेच अडकेल, मामा. आमचे सर तर आत्तापासूनच म्हणतायत, विषय बदल."

"माणसं माझी! तू काळजी सोड."

"आणि ऐक, सूचना सगळ्यांना नीट सांग. आदल्या संध्याकाळपासून चहा नाही, कॉफी नाही. सकाळी व्यायाम नाही. रोजच्यासारखं साधं खायचं, वेळेवर झोपायचं. मशीनमध्ये डोळे मिटून गप्प पडायचं. हलायचं नाही. मुद्दाम कसला विचारही करायचा नाही. डुलकी लागली तरी चालेल."

मी मान डोलावली. आता मला सांगा, मी गेली इतकी वर्षं मुलांना परीक्षेला बसवतोय, आणि ही पोर मला सांगते की तयारी न करता जा! झोपलात तरी चालेल! असा कुठे पेपर असतो?

आणि तुम्हीसुद्धा खरं सांगा हं. साखरेची तपासणी असली की तुम्ही काय करता? आठवडाभर आधीपासून भात बंद, गोड बंद, तळ्याला दोन फेऱ्या जास्त. का? रिपोर्ट चांगला यायला हवा! रिपोर्ट आला की दुसऱ्या दिवशी जिलबी. आपल्याकडे आजार लपवून का होईना, पण रिपोर्ट पास व्हावाच लागतो. मान खाली घालू नका, एझ्राभाऊही असंच करतो.

एझ्राभाऊ म्हणजे आमचा वडाळे तळ्यावरचा सोबती. बँकेतून निवृत्त झालेला, सावध माणूस. मुलगी आणि नाती इस्रायलमध्ये, जीव पनवेलमध्ये. शनिवारी त्याचा शब्बाथ, म्हणजे ज्यू लोकांचा सुट्टीचा वार असतो, त्यामुळे रविवारची वेळ त्याला सोयीची. दुसरा सोबती हिरामण पाटील. मूळचे उरणकडचे, घरची मिठागरं होती. आता पनवेलला तीन मजली बंगला आणि दारात रणगाड्याएवढी गाडी. तळ्याभोवतीच्या ट्रॅकवरचे आणखी दोघे तयार झाले. सहावी नलिनी. ती म्हणाली, "मी ऋतासाठी येतेय, तुमच्यासाठी नाही."

मी तळ्याकाठच्या बाकांवर क्लास भरवला.

"लक्ष द्या," मी म्हटलं. "मशीन काय मोजणार? मेंदूतलं रक्त. जास्त असलेलं चांगलं की कमी?"

"जास्त!" सगळे म्हणाले.

"मग आपल्याला काय करायचंय? वाढवायचंय! बिटाचा रस चालू करा. रात्री बदाम भिजत घाला. सकाळी प्राणायाम. आणि मशीनमध्ये गेलात की मेंदूला काम द्या. पाढे म्हणा. एकोणिसाचा घ्या, एकोणतिसाचा घ्या. मेंदू कामाला लागला की रक्त धावत येणार!"

"सर," हिरामण म्हणाले, "मना एकोणिसाचा येत नाय. शाळंत आमी मिठावर जायचो."

"मी पाठ करून घेतो."

आणि घेतला! तळ्याला फेऱ्या मारता मारता घेतला. पुढून येणारी माणसं बाजूला व्हायची. साठी उलटलेली, पांढऱ्या बुटांतली माणसं एका सुरात पाढा म्हणत चाललीयत आणि मी त्यांच्याकडे तोंड करून उलटा चालतोय, हे दृश्य पनवेलकरांनी बघितलंय.

मग चहाचा विषय निघाला. एझ्राभाऊ म्हणाला, "दिलीप, तुझ्या भाचीने चहा घेऊ नका म्हणून सांगितलंय ना? ऐकायला हवं."

"एझ्राभाऊ, मला सांग, परीक्षेच्या हॉलमध्ये कशावर बंदी असते?"

"गाइडवर."

"का?"

"कॉपी होते म्हणून."

"म्हणजे गाइडचा फायदा होतो म्हणून! ज्याचा फायदा नाही त्यावर कोण कशाला बंदी घालील? हॉलमध्ये केळं न्यायला बंदी आहे का? नाही! कारण केळ्याने मार्क वाढत नाहीत. आता बोल, चहावर बंदी का आहे?"

हिरामणनी मांडीवर थाप मारली.

"आयला," हिरामण म्हणाले, "चायनी रगत वाढतंय!"

"तल्लख होतं डोकं! मग बाकीच्या जगातले म्हातारे गुपचूप चहा पिऊन जाणार आणि आपण काय उपाशी जायचं?"

आज मी हे तुम्हाला सांगतोय तेव्हा मला ऐकवत नाही. पण तेव्हा काय सांगू, बाकावर उभा राहून बोलत होतो मी!

नलिनीला घरी येऊन हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "ती पोरगी त्यात शिकलीय, की तुम्ही?"

"तुला परीक्षेचं तंत्र कळत नाही."

"मला चहाचं कळतं. मी घेणार नाही." आणि खरंच नाही घेतला. बिटाचा रसही नाही, पाढेही नाहीत. क्लासमधली एकमेव उनाड विद्यार्थिनी!

रविवार उजाडला. हिरामणच्या गाडीतून निघालो. मी मोठ्ठा थर्मास भरून घेतला होता. चहा असा कडक की चमचा उभा राहील. कळंबोलीच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन पहिला कप, खारघरमध्ये शिरल्यावर दुसरा. सेंटर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण मी सगळ्यांना जिन्याने वर नेलं. रक्त फिरतं ठेवायला नको? नलिनी एकटी लिफ्टने गेली.

वर ऋता पांढऱ्या कोटात उभी. तिने हसून विचारलं, "चहा-कॉफी कुणी घेतलेली नाही ना?"

आणि आमचे लोक एका सुरात म्हणाले, "नाही!"

काय सूर लागला होता! मी कृतार्थ झालो. क्लासमध्ये शिकवलेलं ऐन वेळी आठवलं की मास्तराला जे वाटतं ते वाटलं.

ऋताला मात्र काय वाटत होतं ठाऊक आहे? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "मामा, तुम्ही सगळे माझ्यासाठी सकाळी सकाळी चहासुद्धा न घेता आलात." तेव्हाही मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

हिरामण आत गेले. दहा मिनिटं झाली असतील नसतील, काचेपलीकडे ऋताने माइक उचलला. "काका, प्लीज बोलू नका. जबडा हलतोय, चित्र बिघडतं."

आतून आवाज आला, "बाय, जरासा थांब गो! एकोणीस साताला गाडी अडली हाय!"

ऋताने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं.

मग माझा नंबर. त्या नळकांड्यात गेल्यावर काय आवाज! बाजूला कुणी रस्ता खणतंय असं वाटतं. पण मी डगमगलो नाही. एकोणतिसाचा पाढा सरळ म्हटला, मग उलटा म्हटला. वर्गसमीकरणं सोडवली. एकदा तर भूमितीचं प्रमेय सिद्ध करून शेवटी "हेच सिद्ध करायचे होते" म्हणून मान हलवली.

"मामा, मान हलली," माइकवर आवाज. "परत करूया."

परत. "मामा, आता पाय. तू पायाने ताल धरतोयस का?"

"नाही!" मी म्हटलं, आणि ते म्हणताना मान पुन्हा हलली.

नलिनी सगळ्यात शेवटी गेली आणि सरळ झोपली. घोरली नाही एवढंच. बाहेर आली तर चेहऱ्यावर तजेला. म्हणाली, "छान वाटलं हो. घरात एवढा वेळ कोण पडू देतं?"

परतताना मी गाडीत जाहीर केलं, "पेपर उत्तम गेला. निकालाची काळजी नको."

निकाल लागला. ऋताचा फोन आला. नेहमी "मामा, जेवलास का?" म्हणून सुरुवात करणारी पोर, आज जेवणाचं नावही नाही.

"मामा, घरी आहेस? बसलायस का?"

मी खुर्ची ओढली. "बसलोय. बोल."

"तुमच्या सगळ्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह कमी दिसतोय. बराच कमी. आधीच्या रविवारी जे लोक येऊन गेले त्यांचं सगळं ठीक होतं. तुमच्याच गटाचं घसरलंय. आणि मामा, तुझी चित्रं हललेली आहेत, पण जेवढं दिसतंय त्यात तुझं सगळ्यात कमी आहे."

"सगळ्यात?"

"मामीचं मात्र छान आहे. अगदी उत्तम."

आता माणसाचा स्वभाव बघा. मेंदूत रक्त कमी आहे असं भाची रडवेल्या आवाजात सांगतेय, आणि मला पहिल्यांदा काय झोंबलं? नलिनीचं माझ्यापेक्षा जास्त आलं! घरात माणसं दोन, आणि त्यात माझा दुसरा नंबर.

पण फोन ठेवल्यावर भीती वाटली. खरी भीती. आईच्या वेळचं ते बाकावर बसणं आठवलं. क्लासमध्ये फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो तर एक साधं सूत्र आठवेना. एरवी हसून सोडून दिलं असतं, त्या दिवशी खडू हातातच राहिला. मुलं म्हणाली, "सर, बरं वाटत नाहीये का?" त्यांना सुट्टी देऊन टाकली. मुलं नाचत गेली, मी तिथेच बसून राहिलो.

बातमी तळ्यावर पोचली. हिरामणच्या मुलांनी त्यांच्या गाडीची किल्ली काढून घेतली. एवढा मोठा शेठ, सकाळी रिक्षातून फिरायला यायला लागला. "पोरा बोलतात, बाबा, डोक्यात रगत नाय तं गाडी कशी चालवणार? सर, मना तं काय व्हत नाय. पन आता बोल्ले तशी चक्कर येल्यासारखी वाटते." एझ्राभाऊने मृत्युपत्र काढून पुन्हा वाचलं आणि मुलीला फोन करून सांगितलं, सुट्टी मिळाली तर ये. दुसरे दोघे तर ट्रॅकवर यायचेच बंद झाले.

आणि ऋता? तिचं तर दोन्हीकडून मरण. आम्ही खरंच आजारी असू तर मामा गेला, आणि आम्ही ठणठणीत असू तर मशीनवरची पद्धत खोटी. तिचे सर म्हणाले, "एकाच गावच्या पाच जणांचा रक्तप्रवाह एकदम कमी कसा? तुझ्या पद्धतीवर भरवसा ठेवता येत नाही. मी सांगत होतो, विषय बदल." पोरीने जेवण टाकलं होतं. हे माझ्या बहिणीने मला सांगितलं, आणि सांगताना म्हणाली, "दादा, तू तब्येतीला जप. तुला काही झालं तर ती पुन्हा कधी मशीनपाशी उभी राहायची नाही."

मग मी काय केलं? सांगतो. कप खाली ठेवा, अंगावर सांडेल.

मी चहा वाढवला!

अहो, रक्त कमी पडतंय ना? मग उपाय काय? क्लासमध्ये कच्च्या मुलाला आपण काय देतो? जादा तास! सकाळी दोन कप घ्यायचो तिथे चार केले. हिरामणनाही सांगितलं, एझ्राभाऊलाही सांगितलं. सगळ्यांची झोप उडाली, हात थरथरायला लागले, छातीत धडधड. आणि धडधड झाली की आम्ही एकमेकांना काय म्हणायचो? "बघा, तब्येत खालावत चाललीय. अजून एक कप घ्या."

शेवटी ऋता लॅपटॉप घेऊन घरी आली. सगळ्यांची पुन्हा चौकशी करायची, कुणाला काही आजार, काही गोळ्या, हे विचारायचं, म्हणून तिने हिरामण आणि एझ्राभाऊलाही बोलावलं होतं. पोरीचा चेहरा उतरलेला. माझ्या शेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला. "मामा, मी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय. मी येईन तुझ्याबरोबर. घाबरायचं नाही हं."

मला भरून आलं. मी मायेने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "नलिनी, चहा टाक गं सगळ्यांना. कडक टाक, त्या दिवशीसारखा. रक्ताला बरा."

ऋताने माझा हात सोडला नाही. पण तिची पकड जरा बदलली.

"कुठल्या दिवशीसारखा, मामा?"

मी स्वयंपाकघराकडेच बघत राहिलो. एझ्राभाऊने चष्मा पुसायला घेतला. तो बँकेतला माणूस, आकडा चुकलाय हे त्याला कळलं होतं. हिरामण मात्र सरळ माणूस.

"अगो, तुज्याकडं येल्ये त्या दिवशी! गाडीत प्यायलो ना आमी. दोन दोन कप. काय चाय व्हती! सरांनीच पाजली. बोल्ले, बंदी हाय म्हणजे फायद्याची हाय."

आत नलिनीचं भांडं ओट्यावर आपटलं.

"मामा," ऋता हळू म्हणाली, "चहा-कॉफीने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. माणसाला तरतरी वाटते, पण रक्तप्रवाह कमी होतो. म्हणून नको म्हणून सांगितलं होतं."

"कमी होतो?"

"कमी."

"पण तरतरी…"

"तरतरी वेगळी, मामा! रक्त वेगळं!"

मग ती ओरडली. ओरडू दे म्हटलं, तिचा हक्क होता. "मला झोप नाही, मामा! मला वाटलं, आजीसारखंच तुझं होणार! मी सरांच्या शिव्या खाल्ल्या, मी माझ्या पद्धतीला खोटं म्हटलं, आणि तुम्ही सगळे माझ्या तोंडावर 'नाही' म्हणालात? कोरसमध्ये?"

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. "चुकलो, ऋता," मी म्हटलं. "पोरी, मला तुझा निकाल चांगला लागायला हवा होता. माझा नव्हे, तुझा." हे खरं होतं हो. मी तिला पास करायला निघालो होतो. तिचा पेपर मीच लिहायला बसलो, एवढंच चुकलं.

मला वाटलं, आता ही रडणार. आणि ती हसायला लागली! हसता हसता रडली, रडता रडता उठून उभी राहिली.

"थांबा!" ती म्हणाली. "थांबा, थांबा. म्हणजे मशीनने चहा पकडला!"

"काय?"

"मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. तरी जे चहा प्यायले त्या सगळ्यांचं कमी दाखवलं, आणि जी प्यायली नाही त्या मामीचं बरोबर दाखवलं. पद्धत खोटी नाहीये, मामा! तुम्ही खोटे आहात!"

एझ्राभाऊने लगेच घरी फोन लावून मृत्युपत्र कपाटात ठेवायला सांगितलं. हिरामण म्हणाले, "मंग माझी किल्ली?" ऋताने त्यांच्या मुलाला तिथूनच फोन लावून समजावलं. तिच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे विनोदी आहे, पण कामाचं आहे. विषय बदलायचं नाव पुन्हा काढलं नाही. सेंटरकडून जादा रविवार मागून घेतले. तीच माणसं, तेच मशीन, फक्त चहा नाही. ऋता मला म्हणाली, "सगळे परत यायचं. आणि मामा, तू काहीही शिकवायचं नाहीस."

मागच्या रविवारी फेरपरीक्षा झाली. एझ्राभाऊ पास. ते दुसरे दोघे पास. हिरामण तर म्हणाले, "एकोणिसाचा पाढा पार इसरलो, लय बरा वाटला," आणि त्यांचं चित्र असं स्वच्छ आलं की ऋताने मला बोलावून दाखवलं. नलिनीला परत जायची गरजच नव्हती. तिचं पहिलंच चित्र आता ऋता नव्या लोकांना दाखवते. निरोगी मेंदू कसा असावा, आणि माणसाने किती गप्प पडावं, म्हणून! तीस वर्षं मी मुलांना आदर्श उत्तरपत्रिका दाखवतोय, आणि आमच्या घरातली आदर्श उत्तरपत्रिका भाजी निवडत बसलेली होती.

आणि मी?

मी चहा घेतला नव्हता. पाढे म्हटले नाहीत. पण न हलण्याचा मात्र घरी कसून सराव केला होता. आठवडाभर दुपारी जमिनीवर चटई टाकून पुतळ्यासारखा पडत होतो. त्यामुळे मशीनमध्ये गेल्यावर मला एकच काळजी, पाय हलत तर नाहीत ना? मग खात्री करायला मी काय केलं?

मान उचलून बघितलं!

एकदा नाही, सारखं. पाय जागेवरच होते. पूर्ण वेळ एकदाही हलले नाहीत, याची मी छातीठोक ग्वाही देतो. डोकं तेवढं हललं. स्कॅन कशाचा होता? डोक्याचा.

तर उद्या माझी पुन्हा परीक्षा आहे. आमच्या बॅचचा मी एकटाच मागे राहिलोय. म्हणून आज संध्याकाळपासून चहा नाही. नलिनीने तुमच्यापुरता चहा टाकला आणि चहाचा डबा पर्समध्ये घालून शेजारी नेऊन ठेवलाय, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. मी म्हटलं, एवढं कशाला, मी शब्द दिलाय. ती म्हणाली, तुमच्या कोरसने पण दिला होता.

मघाशी तुम्ही आलात ना, त्याच्या जरा आधी हिरामणचा फोन येऊन गेला. म्हणाले, "सर, उंद्या पेपर हाय ना? तुमी आमाला एवढा शिकवलाव, आज मी तुमाला एकच सांगतो."

"सांगा, सांगा," मी म्हटलं.

"अभ्यास करू नका!"